एकाच गल्लीत इतक्या पाट्या का?

सावेडीतल्या एखाद्या जुन्या कॉलनीतून संध्याकाळी चक्कर मारा. एका फाटकावर ‘बंगला विकणे आहे’ दिसतं. चार घरं सोडून दुसरी पाटी, कोपऱ्यावर तिसरी. लगेच तुमच्या मनात पाल चुकचुकते. इथे पाणी येत नाही का? रस्ता रुंद होणारे? की वास्तुदोष वगैरे?

बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. उत्तर कधी कधी कॉलनीच्या नावातच असतं. सावेडीतली प्रोफेसर कॉलनीच घ्या. नाव पेशावरून. नोकरदारांच्या अशा वसाहती साधारण एकाच पद्धतीनं उभ्या राहतात. बरोबरीचे सहकारी एकाच वेळी प्लॉट घेतात, कर्ज काढतात, दोन-चार वर्षांच्या फरकानं घरं बांधतात. म्हणजे घरं एका वयाची आणि माणसंही. 1985च्या सुमारास चाळिशीत घर बांधलेले काका आज ऐंशीत आहेत. त्यांचे शेजारीही. जिना चढवत नाही, मुलं पुण्यात नाहीतर परदेशात. एकत्र आलेली पिढी एकत्रच थकते. पाट्याही मग एकत्रच लागतात.

पुढचा भाग कागदाचा. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानुसार वडिलांच्या स्वकष्टाच्या घरात आई, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा असतो. तीन भावंडं तीन शहरांत असतील, तर बंगल्याचे तुकडे करायचे कसे? विकून पैसे वाटून घेणं सोपं पडतं.

त्यात भर जमिनीच्या भावाची. डिसेंबर 2020 मध्ये राज्यात एकत्रित बांधकाम नियमावली आली. किती बांधता येईल, हे त्यात रस्त्याच्या रुंदीवरही ठरतं. रस्ता मोठा असेल, तर जुन्या बंगल्यापेक्षा खालच्या जागेलाच जास्त किंमत. शेजारचे दोन प्लॉट एकत्र मिळाले, तर बिल्डरला अजूनच हवे. एकानं विकलं की शेजारी विचारतो, “तुम्हाला काय भाव मिळाला हो?”

मग हे थांबतच नाही का? आपल्याच नगर तालुक्यातलं हिवरे बाजार बघा. 1972च्या दुष्काळानंतर लोक पोटासाठी मुंबई-पुण्याला गेले. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावानं पाणी अडवलं, पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली आणि गावातली जमीन बाहेरच्याला विकायची नाही असं ठरवलं. गेलेली कुटुंबं परत आली. पण नुसत्या बंदीनं कोणी परतत नाही. गावात राहून पोट भरायला लागलं, म्हणून ती बंदी टिकली.

आता खरं सांगा, डिग्रीनंतर तुमचा प्लॅन काय? पुणे, हिंजवडी, जमलं तर जर्मनी? त्यात चूक काहीच नाही. फक्त एवढं लक्षात घ्या, ती पाटी आजोबा लावत असले, तरी तिचा निर्णय आपल्या विशीत होत असतो.

म्हणून या रविवारी घरी तीन प्रश्न विचारा. घर कुणाच्या नावावर आहे? मृत्युपत्र केलंय का? आणि दहा वर्षांनी इथे कोण राहणार? तिसऱ्या प्रश्नावर सगळे तुमच्याकडेच बघतील. तेव्हा मोबाइलमध्ये डोकं घालू नका.