‘चांगला’ म्हणजे किती चांगला?

गेल्या एप्रिलची गोष्ट. कंपनीत वार्षिक अप्रेझलचा निकाल लागला आणि मला पाचपैकी तीन मिळाले. वर्षभर बिलिंग सिस्टीम नव्या सर्व्हरवर नेण्याचं काम मी सांभाळलं होतं. शेरा मात्र एका ओळीचा: ‘काम चांगलं, पुढाकार कमी.’ बढती गेली. त्याच रात्री राजीनामा लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला आणि शनिवारी इंदूरहून पीपलरावांला घरी आलो.

बाबा सरकारी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले. सगळं ऐकून म्हणाले, “मलाही ‘चांगला’च म्हटलं होतं.”

त्यांच्या काळी सी.आर. गोपनीय असे. वाईट शेरा असेल तरच कळवत. ‘चांगला’ हा वाईट थोडाच? पण बढतीला ‘खूप चांगला’ लागत असे. हे बाबांना कळलं ते एक ज्युनिअर त्यांच्या वर गेला तेव्हा. “मी विचारायलाच गेलो नाही. मान खाली घालून काम करत राहिलो,” ते म्हणाले. हे त्यांनी घरात यापूर्वी कधीच सांगितलं नव्हतं.

अगदी असाच प्रसंग सीमा सडक सेवेतल्या देव दत्त या कार्यकारी अभियंत्यावर आला. १९९३-९४ सालच्या ‘चांगला’ शेऱ्यामुळे त्यांची बढती अडली, आणि तो शेरा त्यांना कळवलाच नव्हता. ते कोर्टात गेले. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शेरा कोणताही असो, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. तोवर देव दत्त निवृत्त झाले होते. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हीच भूमिका कायम केली.

हा निकाल सरकारी सेवेसाठी आहे, खाजगी कंपनीला तो तसा बांधील नाही. पण त्यातली रीत आपल्याही उपयोगाची आहे: शेरा समजून घ्या, आणि आपलं म्हणणं लेखी द्या.

राजीनामा तसाच ठेवून मी आधी दोन दिवस शांत राहिलो. मग वर्षभराचे मेल, तिकिटं, रिलीजच्या तारखा काढून एका पानात मांडल्या. ‘माझ्यावर अन्याय झाला’ असं कुठेही लिहिलं नाही. फक्त विचारलं, “पुढाकार कमी पडला तो प्रसंग कोणता? आणि चार मिळायला काय दिसायला हवं होतं?”

मॅनेजरकडे एकही प्रसंग नव्हता. शेवटी ते मोकळेपणाने म्हणाले, टीममध्ये चार आणि पाच किती जणांना द्यायचे हे वरून ठरून येतं. हाच तो बेल कर्व्ह. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची क्रमवारी २०१३ मध्येच बंद केली, पण पद्धत अजून सगळीकडून गेलेली नाही.

त्यानंतर माझं एक पान मी एच.आर.ला पाठवलं. गुण बदलले नाहीत, हे खरं सांगतो. पण ‘पुढाकार कमी’ ही ओळ रेकॉर्डमधून निघाली, आणि बढतीसाठी काय लागेल ते मुद्द्यांनिशी लेखी मिळालं. आता दर तीन महिन्यांनी बैठक होते आणि तिचा गोषवारा मीच मेलवर पाठवतो. यंदाही हेच झालं तर नोकरी बदलेन, पण रागाच्या भरात नाही.

मित्रांनो, आपल्या घरांत ‘काम करत राहा, फळ मिळेल’ असं शिकवतात. ते खोटं नाही. पण केलेल्या कामाची नोंद ठेवणं आणि नम्रपणे विचारणं हाही कामाचाच भाग आहे. विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

हे सगळं बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “लेखी दिलंय ना त्यांनी?”

“हो बाबा.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले.