दगड रचणारे सूक्ष्मजीव

पावसाळ्यात बंगळूरच्या चामराजपेट भागातील जुन्या दगडी भिंतींवर काळसर हिरवा, बुळबुळीत थर चढतो. महाराष्ट्रातील विहिरींच्या पायऱ्यांवरही असाच थर दिसतो आणि पाय घसरू नये म्हणून लोक तो खरवडून टाकतात. या थरात पुष्कळदा सायनोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू असतात. पूर्वी त्यांना नीलहरित शैवले म्हणत. नुसत्या डोळ्यांना सुटेपणी न दिसणाऱ्या अशाच जीवांनी प्राचीन काळी उथळ समुद्रात दगडांचे घुमट व स्तंभ रचले. अशा थरयुक्त, जीवरचित दगडास स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. ‘अंथरूण’ व ‘दगड’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून हे नाव जर्मन भूवैज्ञानिक एर्न्स्ट काल्कोव्स्की यांनी १९०८ साली योजिले.

सूक्ष्मजीवांची वसाहत

स्ट्रोमॅटोलाइट हे एका जातीच्या जीवाचे काम नव्हे. त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्मजीवांचे काही मिलिमीटर जाडीचे आवरण असते. त्यात निरनिराळ्या जीवाणूंचे थर एकाखाली एक वसलेले असतात. सर्वांत वर सायनोबॅक्टेरिया राहतात. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने ते अन्न तयार करतात व प्राणवायू बाहेर टाकतात. त्यांच्या खाली, वरच्या थरातून गाळून आलेल्या प्रकाशावर जांभळे जीवाणू जगतात. त्याहून खाली प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू असतात. वरच्यांनी टाकलेले व मेलेले द्रव्य ते कुजवितात आणि त्यासाठी समुद्राच्या पाण्यातील सल्फेटचा उपयोग करतात. एकाचा टाकाऊ पदार्थ दुसऱ्याचे अन्न होते.

दगड कसा वाढतो

सायनोबॅक्टेरियांच्या तंतूंभोवती चिकट द्रव्य असते. लाटांबरोबर आलेले वाळूचे व चुन्याचे कण त्यात अडकतात. कणांखाली गाडले गेल्यास तंतू प्रकाशाच्या ओढीने वर सरकतात आणि नवे आवरण पसरतात. त्याच वेळी ते पाण्यातील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतात. त्यामुळे पाण्याचा अल्कधर्म वाढतो आणि त्यात विरघळलेला चुना कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने साचू लागतो. खालच्या थरांतील सल्फेट वापरणारे जीवाणूही याला हातभार लावतात. जिवंत आवरण नेहमी माथ्यावर राहते व खाली दगड उरतो. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे थरावर थर चढत जातात.

ही वाढ फार मंद असते. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील शार्क बे येथे ती वर्षाला सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर आहे. या हिशेबाने एक हात उंचीच्या स्तंभास हजाराहून अधिक वर्षे लागतात.

वाद व उलगडा

हे थर सजीवांनी रचले, हे सर्वांस पूर्वी मान्य नव्हते. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ए. सी. सीवर्ड यांनी १९३१ साली याविषयी स्पष्ट शंका व्यक्त केली होती. केवळ रासायनिक क्रियेनेही चुन्याचे थर बनू शकतात, म्हणून ही शंका निराधार नव्हती. पुढे शार्क बेच्या हॅमेलिन पूल या भागात वाढत असलेले स्ट्रोमॅटोलाइट आढळले आणि १९६१ साली ब्रायन लोगन यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. प्राचीन दगडांशी त्यांचे साम्य उघड होते. जिवंत नमुना पाहिल्यावर मृत दगड कसा वाचावा हे कळले. थर माथ्यावर जाड होतात काय, उभ्या बाजूंनाही कण चिकटून राहिले आहेत काय, तंतूंच्या खुणा दिसतात काय, हे आता तपासले जाते.

हॅमेलिन पूलचे पाणी साधारण समुद्राच्या सुमारे दुप्पट खारट आहे. सूक्ष्मजीवांचे आवरण चरून खाणाऱ्या गोगलगायी व इतर प्राणी तेथे फारसे टिकत नाहीत. इतरत्र अशा प्राण्यांच्या उदयानंतर स्ट्रोमॅटोलाइट विरळ झाले, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

कर्नाटकातील साक्षी

चामराजपेटजवळच्या लालबाग उद्यानातील खडकाची टेकडी सुमारे ३०० कोटी वर्षांची आहे. परंतु तो नाइस जातीचा खडक आहे. भूगर्भात प्रचंड उष्णता व दाब सोसून तो घडला असल्यामुळे त्यात जीवांचे थर मिळत नाहीत. त्यांसाठी वायव्येस सुमारे दीडशे किलोमीटर जावे लागते. तेथे चित्रदुर्ग जिल्ह्यात, वेदवती नदीवरील वाणीविलास सागर धरणाच्या परिसरात, चुनखडी व डोलोमाइट या खडकांत स्ट्रोमॅटोलाइट आढळले आहेत. त्यांचे वय सुमारे २६० कोटी वर्षे आहे. हवेत प्राणवायू साचू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे प्राणवायूविरहित हवेखालीही हे बांधकाम चालू होते. प्रत्येक स्ट्रोमॅटोलाइट प्राणवायू सोडणाऱ्या जीवांनीच रचला असे म्हणता येत नाही. मात्र हवेतील प्राणवायू हे सायनोबॅक्टेरियांचेच कार्य होय.

याहून तरुण स्ट्रोमॅटोलाइट बागलकोट जिल्ह्यात, लोकापूरच्या आसपास कलादगी खडकांत आहेत. जवळचे मुधोळ व जमखिंडी ही पूर्वीची संस्थाने मराठी वाचकांस परिचित आहेत. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ साली दक्षिण मराठा प्रदेशाच्या भूरचनेचा जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात या खडकांचे वर्णन आहे.

जपणुकीचा प्रश्न

शार्क बेच्या किनाऱ्यावर पूर्वी लोकरीची वाहतूक करणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी हे आवरण चिरडले गेले. त्या चाकोऱ्या आजही दिसतात, इतके ते हळू भरून येते. प्राचीन दगडाचे तर भरून येणेच नाही. राजस्थानात चित्तोडगडजवळ भोजुंदा व उदयपूरजवळ झामरकोटडा येथील स्ट्रोमॅटोलाइट राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारके म्हणून घोषित झाले आहेत. परंतु चुनखडीचा दगड चुन्यासाठी व सिमेंटसाठी उपयोगी असतो, आणि स्मारक नसलेल्या ठिकाणी हातोड्याच्या एका घावाने हजारो वर्षांचे थर फुटतात. म्हणून असा दगड आढळल्यास विद्यार्थ्यांनी त्याचे चित्र काढावे, थर मोजावेत, जागेची नोंद करावी आणि दगड जागच्या जागी राहू द्यावा. त्याचा कोणता भाग वर होता व तो कोणत्या थरांमध्ये होता, हे जागेवरच कळते. उचलून आणलेल्या तुकड्यातून ही माहिती हरवते.