साठीची नोंदवही आणि वाघूर

३१ डिसेंबर २०२२ला मी पाटबंधारे खात्यातल्या कारकुनीतून निवृत्त झाले. निरोपाची शाल आणि नारळ घेऊन घरी येताना वाटेत उतरून एक लांबोडकी, निळ्या पुठ्ठ्याची नोंदवही विकत घेतली. रात्री जेवणं झाल्यावर तिच्यात सवयीने चार रकाने आखले: अनुक्रमांक, तपशील, तारीख, शेरा. वयाची साठ वर्षं पूर्ण व्हायला दोन वर्षं उरली होती. तेवढ्यात ज्या बारा गोष्टी करायच्या, त्या तपशिलाच्या रकान्यात उतरवल्या. अट एकच घातली. सकाळी नशिराबादहून निघून रात्री नशिराबादला परत येता आलं पाहिजे.

पुण्याच्या मुलीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “आई, ही तर तुझी बकेट लिस्ट झाली!”

हा शब्द रुळला तो २००७ सालच्या, जॅक निकोल्सन आणि मॉर्गन फ्रीमन यांच्या त्याच नावाच्या चित्रपटामुळे. माधुरी दीक्षितचा २०१८चा पहिला मराठी चित्रपटही ‘बकेट लिस्ट’च. यादी करण्याची हौस मात्र जुनी आहे. जॉन गोडार्ड नावाच्या अमेरिकन मुलाने १९४० साली, पंधराव्या वर्षी, १२७ गोष्टींची यादी केली होती आणि पुढे तो खरोखरच नाइल नदीतून होडीने गेला. आपल्याकडे वयाच्या टप्प्यांना शांती आहेत: पन्नाशीला वैष्णवी, साठीला उग्ररथ, सत्तरीला भैमरथी, पंच्याहत्तरीला ऐंद्री आणि ऐंशी ओलांडली की सहस्रचंद्रदर्शन. बाबा आमटे १९८५च्या डिसेंबरात, एकाहत्तरीला, कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ला निघाले. मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या तोंडावर, २०१५ साली, झुरिचची आयर्नमॅन शर्यत पुरी केली. थोर माणसं आहेत ही. माझी यादी एसटीच्या टप्प्यातली होती, आणि ती तशीच असावी असं माझं ठाम मत आहे. जे हाकेच्या अंतरावर असतं, तेच जन्मभर राहून जातं.

पहिला आकडा गावातच होता. झिपरू अण्णा महाराजांची समाधी नशिराबादला आहे. स्वामी मुक्तानंदांना गणेशपुरीच्या नित्यानंदांकडे जायला सांगणारे अवलिया ते हेच. लग्न होऊन आल्यापासून मी तिथे हात जोडून पुढे जात होते, निवांत बसले कधीच नव्हते. एक अख्खी संध्याकाळ बसले आणि तारीख टाकली. मग असोदा झालं. बहिणाबाईंचं माहेर आमच्यापासून इतकं जवळ, आणि मी तिथे जायची ती भरिताची वांगी आणायला. कोथळीची मुक्ताई झाली. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं मंदिर झालं. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला गेले. भास्कराचार्यांच्या नातवाने, दुसऱ्या एका चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला होता आणि तसा शिलालेख आहे. सातवा आकडा खापरावरच्या पुरणपोळीचा. ही पोळी लाटायची नसते. दोन्ही हातांवर झेलत, फिरवत मोठी करायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद सोडायची. तीन वेळा माझी पोळी कोपरापाशी फाटली. चौथ्यांदा साधली तेव्हा सासूबाईंची फार आठवण आली.

आता बाराव्या आकड्याकडे येते. खरं तर वही घेतली ती त्याच्याचसाठी.

नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी ‘वाघूर’ हा शब्द किती हजार वेळा लिहिला असेल, देव जाणे. वाघूर धरण, वाघूर कालवा, वाघूर पाणीपातळी. जळगाव शहर तिचंच पाणी पितं. आणि नदी मी पाहिली ती भुसावळला जाताना साकेगावच्या पुलावरून, बसच्या खिडकीतून, जेमतेम अर्धा मिनिट. अजिंठ्याला शाळेच्या सहलीत गेले होते, पण लेण्यांखालून वाहणारी नदी आणि साकेगावची नदी एकच, हे मला कळलं ते कार्यालयातल्या नकाशावरून, वयाच्या तिशीत. तेव्हापासून ती मनातून गेली नाही. अजिंठ्याचे भिक्षू जे पाणी भरत होते, तेच आमच्या शिवाराजवळून तापीत जातं! म्हणून वहीत लिहिलं: ‘वाघूर, अजिंठ्यापासून तापीपर्यंत, काठाने. जमेल तिथे पायी, तुकड्यातुकड्यांनी.’ सोबतीला धाकटी जाऊ. तिने पहिल्या दिवशी विचारलं, “ताई, नदी काय पायी पाहायची असते?” आणि मग एकही फेरी चुकवली नाही.

सुरुवात २०२३च्या श्रावणात केली. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून तिथल्या बसने आत जावं लागतं. बहुतेक लोक तिकीट काढून सरळ पहिल्या लेण्यात शिरतात. आम्ही आधी पूल ओलांडून पलीकडच्या डोंगरावर चढलो. वरून घोड्याच्या नालासारखा कडा एका नजरेत येतो, आणि मग समजतं की हा नाल नदीने कोरला, माणसांनी नंतर त्यात लेणी कोरली. नालाच्या टोकाला वाघूर सातकुंडांतून टप्प्याटप्प्याने खाली उडी घेते. पावसाळ्यात तिचा आवाज सगळ्या लेण्यांत भरून राहतो. आज आपण एका सलग वाटेने लेणी बघत जातो. पूर्वी तसं नव्हतं. एकेका लेण्याला नदीवर उतरणाऱ्या स्वतःच्या पायऱ्या होत्या. सोळाव्या लेण्याचा, दगडी हत्तींमधून वर येणारा जिना पाहा. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने हे लेणं पाचव्या शतकात कोरवलं, आणि त्याची खरी चढण नदीकडूनच आहे. मी त्या पायऱ्यांवर बराच वेळ बसले. लेण्यांवर पुस्तकं लिहिणारे चित्रांत इतके रमतात की नदीला एक ओळ देऊन पुढे जातात. मला हे पटत नाही. पाणी नसतं तर एवढी माणसं चार पावसाळे तरी इथे राहिली असती का?

शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली ती २८ एप्रिल १८१९ला. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने नाव आणि तारीख कोरली. ती आज आपल्या डोक्याच्याही वर दिसते, कारण त्या वेळी लेण्यात राडारोडा साचलेला होता आणि तो त्या ढिगावर उभा होता.

पण माझा जीव गुंतला आहे तो मेजर रॉबर्ट गिल यांच्यात. कंपनी सरकारने १८४४ साली त्यांना इथल्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. वर्षानुवर्षं त्या अंधारात उभं राहून त्यांनी मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले होते. १८६६च्या आगीत त्यांतले बहुतेक जळाले. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले, त्यांनी १८७२पासून पुन्हा नकला केल्या, आणि १८८५ साली लंडनमधल्याच दुसऱ्या आगीत त्यांच्यातल्याही कितीतरी गेल्या. गिल यांची प्रेयसी पारो अजिंठा गावात पुरली आहे. तिच्या कबरीवर २३ मे १८५६ ही तारीख आहे. ना. धों. महानोरांनी या दोघांवर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं. ते पळसखेड्याचे, म्हणजे याच डोंगराच्या कुशीतले. आणि गिल स्वतः? १८७९ साली ते गेले आणि त्यांना भुसावळला पुरलं. म्हणजे वाघुरीच्या वरच्या अंगाला पारो आणि खालच्या अंगाला गिल. नकाशावर या दोन ठिकाणांवर बोट ठेवलं तर मधली निळी रेघ तिचीच. हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पहूरच्या फेरीला जानेवारी उजाडला. गाव नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं, एका अंगाला पेठ, दुसऱ्या अंगाला कसबे. पात्रात गोटेच जास्त होते, पाणी डबक्यांपुरतं. कपाशीच्या बांधावरून एक म्हातारबाबा ओरडले, “कुठी चालल्या बाई?” जाऊ म्हणाली, “नदी पाहू राहिलो, बाबा.” “नदीत काय पाहता? पाणीच नही.” मग तेच खाली उतरले आणि त्यांच्या लहानपणी कुठल्या डोहात उन्हाळाभर पाणी असायचं, ते दाखवत दीड तास आमच्याबरोबर चालले. डोहाच्या जागी आता गाळ आणि बाभळी आहेत. ते पाहून गलबललं. धरणावर मात्र पाणी डोळे भरून पाहिलं. ज्या पातळ्यांचे आकडे मी टेबलावर बसून लिहिले, त्या मोजायची पट्टी प्रत्यक्ष पाण्यात उभी होती. तिच्याकडे पाहत किती वेळ गेला, कळलं नाही.

धरणाखालचे तुकडे सोपे गेले. शेवटची फेरी राखून ठेवली होती. माझा जन्म चंपाषष्ठीच्या मागेपुढे झाला, आणि चातुर्मासात वर्ज्य असलेली वांगी तेव्हाच पुन्हा ताटात येतात. २०२४च्या डिसेंबरात, साठ पूर्ण झाले त्या दिवशी, मुलगी-जावई, जाऊ, दीर, नातवंडं असे सगळे साकेगावच्या पुलापाशी उतरलो. वरून मालगाडी चालली होती. पुलाखालून आम्ही काठाने तापीच्या दिशेने निघालो. दिरांनी डोक्यावरून कपाशीच्या पळाट्यांचा भारा आणला होता. काठावर त्या पेटवून असोद्याची वांगी भाजली, सोलली, लाकडी बडगीत ठेचली. भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि वरून कच्चं तेल. बरोबर कळण्याच्या भाकरी होत्या आणि मुलांसाठी पुऱ्या. केक नव्हता. नातीने ओवाळलं.

जेवून मी आणि जाऊ पुढे गेलो. वाघूर शेवटी शेवटी अगदी सावकाश चालते, आपण तापीत मिसळतोय हे तिचं तिलाच कळू नये अशी. दोन पाण्यांचे रंग थोडा वेळ वेगळे दिसले. वाघूर गढूळ, तापी हिरवट. मी चप्पल काठावर ठेवून आत उतरले. जाऊ माझा पदर धरून उभी होती.

रात्री वही काढली आणि बाराव्या आकड्यापुढे तारीख टाकली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘संगमापाशी पाणी गुडघाभर. तळ वाळूचा. डाव्या काठाला केळीची बाग. पलीकडे एक माणूस बैल धूत होता.’