आधी नंबर, मग किंमत

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहराचं 1792 सालचं एक तांब्याचं टोकन आहे. एका बाजूला घोड्यावर बसलेली लेडी गोडायव्हा, दुसऱ्या बाजूला पाठीवर किल्ला घेतलेला हत्ती. मूल्य अर्धा पेनी. राजाचा चेहरा त्यावर नाही, कारण ते सरकारनं काढलेलंच नव्हतं. कोणी काढलं, ते कडेवर वाचायचं: रॉबर्ट रेनॉल्ड्स आणि कंपनीच्या वखारीत याचे पैसे मिळतील, असा मजकूर तिथे गोलाकार उमटवलेला आहे. असं टोकन हाती आलं की पहिला प्रश्न येतो, याचे किती येतील? त्याचं उत्तर पुस्तकांतून मिळतं. पण नवा संग्राहक आधी भावाचं पुस्तक शोधतो, आणि तिथेच फसगत सुरू होते.

ही टोकनं निघाली ती गरजेपोटी. 1775 नंतर ब्रिटिश सरकारनं तांब्याची नाणी पाडणं थांबवलं, ते थेट 1797 पर्यंत. नेमक्या याच काळात खाणी आणि कारखाने वाढत होते, मजुरांना दर आठवड्याला सुट्टे पैसे लागत होते, आणि बाजारात खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला होता. अखेर 1787 मध्ये वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन कंपनीनं आपल्याच खाणीतल्या तांब्याची पेनी काढली. दर्शनी बाजूला ओकच्या पानांच्या वेढ्यात ड्रुइड पुरोहिताचं डोकं, आणि कडेवर लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी इथे मागताक्षणी पैसे देण्याचं वचन. तिचं पाहून गावोगावचे व्यापारी आपापली टोकनं पाडून घेऊ लागले.

ती जमवण्याचं वेडही लगेच लागलं. इप्सविचचा कापडव्यापारी जेम्स काँडर यानं 1798 मध्ये या टोकनांची पद्धतशीर यादी छापली. त्यामुळे अमेरिकेतले संग्राहक आजही अठराव्या शतकातल्या या टोकनांना त्याच्याच नावानं ओळखतात. पुढे 1892 मध्ये जेम्स अ‍ॅटकिन्सची यादी आली. पण या क्षेत्रातला खरा आधारग्रंथ रिचर्ड डाल्टन आणि सॅम्युअल हॅमर यांचा. 1910 ते 1918 या काळात तो भागाभागांनी निघाला. एका शतकानंतरही लिलावाच्या कॅटलॉगमध्ये टोकनाखाली 'डी अँड एच' आणि पुढे नंबर छापलेला दिसतो, तो याच ग्रंथातला.

या ग्रंथाची रचना एकदा कळली की अर्धं काम झालं. टोकनं परगण्यांनुसार लावलेली आहेत आणि प्रत्येक परगण्यात नंबर पुन्हा एकपासून सुरू होतो. म्हणून नुसता नंबर सांगून भागत नाही, परगणाही सांगावा लागतो. कॉव्हेंट्रीचं टोकन वॉरविकशायरमध्ये शोधायचं, ड्रुइडची पेनी अँगलसीमध्ये. एकट्या अँगलसीचेच शेकडो प्रकार नोंदलेले आहेत, कारण साचा बदलला की पानांच्या वेढ्यातली ओकची फळं कमीजास्त होतात, अक्षरं जरा सरकतात. नोंदीत दोन्ही बाजूंचं वर्णन असतं आणि त्यानंतर कडेचं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, पण कडेचा मजकूर वेगळा किंवा कड साफ कोरी, एवढ्यावरून नंबर बदलतो आणि नंबराबरोबर भावही. विकणारा फोटो पाठवतो तो दोन बाजूंचाच. कडेचा फोटो मागितल्याशिवाय मी तरी कोणाला पैसे देण्याचा सल्ला देणार नाही.

नोंदीशेजारी दुर्मीळतेची खूणही असते, पण ती डाल्टन-हॅमर यांच्या काळातल्या माहितीवर बेतलेली. भावाचा अंदाज निव्वळ तिच्यावरून बांधणं धोक्याचं आहे. शिवाय 1790 च्या दशकातल्या कारागिरांनी खास संग्राहकांना विकण्यासाठी एका टोकनाची दर्शनी आणि दुसऱ्याची मागची बाजू जोडून मुद्दाम कमी प्रती पाडल्या. त्या दुर्मीळ आहेत हे खरं, पण कोणत्या मजुराच्या हातात पगार म्हणून त्या कधी पडल्या नाहीत.

हा फरक ज्याला महत्त्वाचा वाटतो, त्यानं आर. सी. बेल यांची पुस्तकं मिळवावीत. पेशानं शल्यविशारद असलेल्या बेल यांनी जगभरच्या पटावरच्या खेळांवरही लिहिलं आहे. 1960 च्या दशकातल्या आपल्या ग्रंथांत त्यांनी खऱ्या व्यापाऱ्यांची टोकनं, धंदेवाल्यांची जाहिरातवजा तिकिटं आणि मागे कोणी जबाबदार धनी नसलेली टोकनं वेगवेगळी केली. माझ्या मते, इतिहासासाठी जमवणाऱ्यानं बेल यांच्यापासूनच सुरुवात करावी.

आता भाव. पॉल आणि बेंटे विदर्स यांचं 'द टोकन बुक' अंदाजे किमती देतं. सतराव्या शतकातल्या टोकनांसाठी मायकल डिकिन्सन यांचं 1986 चं पुस्तक आहे, ते विल्यमसनच्या 1889-91 च्या जुन्या यादीच्या आधारावर उभं आहे. एकोणिसाव्या शतकासाठी डब्ल्यू. जे. डेव्हिसचा 1904 चा ग्रंथ. छापील भाव काही वर्षांत शिळे होतात, टोकनाचा नंबर मात्र होत नाही. म्हणून नंबर हाती आला की तो घेऊन लंडनच्या नूनन्ससारख्या लिलावगृहाचे जुने निकाल चाळावेत आणि आपल्याइतक्याच झिजलेल्या प्रतीला काय मिळालं ते पाहावं. चकाकी यावी म्हणून टोकन घासलं, तर निम्मी किंमत तिथेच गेली असं समजा. अ‍ॅटकिन्स, विल्यमसन, डेव्हिस यांचे जुने ग्रंथ वॉशिंग्टन विद्यापीठाच्या न्यूमन न्यूमिस्मॅटिक पोर्टलवर फुकट वाचता येतात.

आपल्याकडच्या संग्राहकालाही हे जग परकं नाही. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो इथे मॅथ्यू बोल्टनच्या वाफेवर चालणाऱ्या टांकसाळीत 1791 मध्ये ग्लासगोची टोकनं पडत होती, आणि त्याच सालचा मुंबई इलाख्याचा तांब्याचा पैसाही तिथलाच. त्यावर एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला तराजू. पण तो पैसा डाल्टन-हॅमरमध्ये सापडणार नाही, कारण तो अधिकृत चलनाचा. त्याच्यासाठी फ्रेड प्रिडमोर यांच्या ग्रंथमालेचा भारतावरचा 1975 चा खंड उघडावा लागतो.

तोच खंड आणखी एका कामाला येतो. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, 1818 साल, 'अर्धा आणा' आणि मागे राम-सीता किंवा हनुमान असलेला तांब्याचा तुकडा घरोघरी जपलेला असतो आणि त्याला लाखो रुपये मिळतील असं सांगितलं जातं. असं नाणं कंपनीनं पाडलेलंच नाही, त्यामुळे प्रिडमोर यांच्या यादीत त्याला जागा नाही. तो देवळाबाहेर विकल्या जाणाऱ्या टाकांच्या जातीचा. रामटंका आणि तत्सम टाकांसाठी अर्विन ब्रॉटमन यांचं 1970 चं मार्गदर्शक पुस्तक आहे, आणि भारतीय टोकनांचा मोठा पट पाहायचा तर मायकल मिचिनर यांचा 1998 चा ग्रंथ. देव्हाऱ्यातला तो तुकडा श्रद्धेनं जरूर ठेवावा. विकत घेताना मात्र तांब्याच्या भावापेक्षा फारसे जास्त देऊ नयेत.