चिवट खोकला आणि कंठातील मज्जातंतू

कान कोरीत असता काही माणसांना एकाएकी ठसका लागतो. घशात काही अडकलेले नसते, छातीत कफ नसतो, तरी खोकला येतो. कानाचे आणि खोकल्याचे हे नाते ज्या बारीक मज्जातंतूमुळे जडले आहे, त्याचे वर्णन एकोणिसाव्या शतकात फ्रीडरिख आर्नोल्ड या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने केले. हा तंतू ‘व्हेगस’ नावाच्या मोठ्या मज्जातंतूची शाखा होय. व्हेगस या लॅटिन शब्दाचा अर्थ भटक्या. नाव समर्पक आहे. कारण मेंदूच्या तळाशी निघून कंठ, स्वरयंत्र, श्वासनलिका, हृदय अशी वाट चालत तो थेट पोटात उतरतो. श्वासमार्गात काही खुपले की त्याची वर्दी मेंदूला देण्याचे काम मुख्यतः त्याचेच.

हा पहारेकरीच हळवा झाला, तर तो चोर नसतानाही ओरडू लागतो. पुष्कळदा निमित्त साध्या पडशाचे असते. पडसे जाते, परंतु तंतूची चिडखोर वृत्ती मागे राहते. मग गार वाऱ्याची झुळूक, उदबत्तीचा वास, मोठ्याने हसणे, फार काय, चार वाक्ये सलग बोलणेही उबळ आणण्यास पुरते. घशात खवखव होते, गोळा अडकल्यासारखे वाटते, माणूस सारखा खाकरत राहतो. छातीचे चित्र निर्दोष निघते आणि घरची मंडळी ‘मनाचा खेळ’ म्हणून मोकळी होतात. हा रोग्यावर अन्याय आहे. व्याख्यानातून उठून बाहेर जावे लागणे, किंवा उबळीसरशी लघवीवरील ताबा सुटणे, ही पुष्कळ स्त्रिया कोणापाशी न बोललेली व्यथा, हे खेळ नव्हेत.

तथापि हे निदान शेवटचे, पहिले नव्हे. आपल्या देशात दोन आठवडे टिकलेल्या खोकल्यात क्षयासाठी थुंकी तपासलीच पाहिजे. थुंकीतून रक्त, घटते वजन, बसलेला आवाज यांची उपेक्षा करू नये. दमा, नाकातून घशात उतरणारा स्राव, जठरातील आम्ल वर येणे, धूम्रपान, एवढेच नव्हे तर रामिप्रिलसारखी रक्तदाबावरील गोळीही कोरडा खोकला लावते. मात्र ती गोळी परस्पर बंद करणे धोक्याचे. ही कारणे दूर होऊनही आठ आठवड्यांपलीकडे खोकला टिकला, तर मज्जातंतूचा विचार करावा.

अशा खोकल्यावर नेहमीची खोकल्याची औषधे बहुधा निष्फळ ठरतात. २०१२ साली ऑस्ट्रेलियात ६२ रोग्यांवर गॅबापेंटिन या मज्जातंतू शांत करणाऱ्या औषधाचा प्रयोग झाला. खोकला कमी झाला, पण औषध थांबताच उतार टिकेना. शिवाय काहींना भोवळ व थकवा आला. काही ठिकाणी स्वरयंत्राच्या वरच्या तंतूपाशी सुई टोचून तो बधिर करतात. सर्वांत निरुपद्रवी उपाय वाचोपचारतज्ज्ञाचा. उबळ येणार असे वाटताच खाकरण्याऐवजी आवंढा गिळावा, पाण्याचा घोट घ्यावा, नाकाने संथ श्वास घ्यावा. ऐकण्यास हे पोरकट वाटते. परंतु प्रत्येक खाकरणे घशाला नवी इजा करते आणि तीच पुढच्या उबळीचे बी ठरते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातील मर्म कळते. अर्थात त्यासाठी काही आठवडे नेटाने सराव लागतो.

खास या विकारासाठी घडविलेले गेफापिक्संट हे औषध जपानने २०२२ मध्ये मान्य केले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मात्र २०२३ अखेर मान्यता नाकारली. त्याने खोकला थोडा उणावतो, पण पुष्कळांच्या जिभेची चव बिघडते. कारण तंतूवरील ज्या द्वारांना ते कुलूप लावते, तशीच द्वारे चवीच्या तंतूंवरही असतात.