खेळातला हंगाम आणि रानातला हंगाम

मे महिना संपत आला की अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, भंडारदरा-घाटघरच्या रानात, काजव्यांचा हंगाम सुरू होतो. अंधार पडताच झाडेच्या झाडे लुकलुकू लागतात. पावसाने जोर धरला की थोड्याच दिवसांत हा सोहळा संपतो.

दुसरा एक हंगाम तुमच्यापैकी पुष्कळांना मोबाइलमुळे ठाऊक असेल. 'पोकेमॉन गो' या खेळात चित्रविचित्र काल्पनिक प्राणी शोधून पकडायचे असतात. त्यातही महिनाभराचा कार्यक्रम आधीच जाहीर होतो. या आठवड्यात पाण्यातले प्राणी, त्या रविवारी दुपारी काही तास अमुक एक प्राणी, एखाद्या संध्याकाळी तासभर तमुक. वेळ चुकली तर तो प्राणी पुन्हा सहजी दिसत नाही.

या दोन हंगामांची वेळापत्रके कोण ठरवतो? चला, पाहू या.

किडे गोळा करणारा मुलगा

या खेळाचे मूळ खऱ्या किड्यांतच आहे, ही मोठी गमतीची गोष्ट. जपानमध्ये टोकियो शहराजवळ वाढलेल्या सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा भारी नाद होता. शहर वाढले, भातखाचरे आणि तळी बुजली, तसे किडेही दिसेनासे झाले. शोधण्याचा तो आनंद पुढच्या मुलांना मिळावा, या कल्पनेतून 1996 साली पोकेमॉनचा पहिला खेळ निघाला. 'पोकेमॉन' म्हणजे 'पॉकेट मॉन्स्टर', खिशातले राक्षस! तेव्हा त्यांच्या 151 जाती होत्या. आज त्या हजारावर गेल्या आहेत. रस्त्यावर चालत खेळायचा 'पोकेमॉन गो' 2016 च्या जुलैत निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात भारतात आला.

तुम्ही कोठे आहात, हे कसे कळते?

पृथ्वीपासून सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरून काही उपग्रह फिरत असतात आणि सतत वेळेचे संदेश पाठवतात. संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला 3 लाख किलोमीटर या वेगाने येतो. तरी त्याला सेकंदाचा सुमारे पंधरावा हिस्सा लागतोच. या विलंबावरून उपग्रह किती दूर आहे, ते मोबाइल काढतो. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की तुमची जागा काही मीटरच्या फरकाने निश्चित होते. मग खेळाच्या नकाशावर तुमची बाहुली चालू लागते.

या नकाशावर काही थांबे असतात. ते बहुधा जुन्या इमारती, पुतळे, देवळे अशा ठिकाणी असतात आणि त्यांतले पुष्कळसे खेळाडूंनीच सुचवलेले असतात. जेथे खेळाडू कमी, तेथे थांबेही कमी. म्हणून पुण्यातल्या मुलाला चार पावलांवर जे मिळते, त्यासाठी अकोल्याच्या वाडीवरील मुलाला बरेच चालावे लागते. हा दोष वाडीचा नव्हे. नोंदी कोणी केल्या, यावर नकाशा अवलंबून असतो.

चिठ्ठ्यांचा डबा

आता प्राणी येतो कोठून? डोळ्यांसमोर एक डबा आणा. त्यात 100 चिठ्ठ्या आहेत. एरवी त्यात कासवाच्या 2 चिठ्ठ्या असतात. कासवाचा दिवस आला की त्या 40 करायच्या. बस्स, झाला कासवाचा हंगाम! कंपनीच्या मध्यवर्ती संगणकात अशा चिठ्ठ्यांऐवजी आकड्यांचे तक्ते असतात. ठरलेली वेळ झाली की तक्ता बदलतो आणि खेळाडूंच्या मोबाइलवर कासवे हिंडू लागतात. त्या जागी पाऊस पडत असल्याची माहिती हवामान-सेवेकडून आली, तर पाण्यातल्या प्राण्यांच्या चिठ्ठ्या वाढतात. डिसेंबर 2020 पासून तर या खेळाने वर्षाचे तीन-तीन महिन्यांचे चार हंगामच पाडले आहेत.

पाचशेचे गणित

काही प्राणी क्वचित वेगळ्या रंगाचे निघतात. खेळाडूंनी हजारो नोंदी एकत्र करून अंदाज काढला आहे, की एरवी असा प्राणी सुमारे 500 मध्ये एक मिळतो, तर खास दिवशी सुमारे 25 मध्ये एक. मग 500 प्राणी पाहिले की एक नक्की मिळणार का?

उत्तर वर्गातच मिळेल. तीस मुलांनी सोंगट्यांच्या खेळातला फासा प्रत्येकी सहा वेळा टाकावा. सहाचे दान सहांत एकदा पडते, म्हणून प्रत्येकाला एक सहा मिळायला हवा, असे तुम्ही म्हणाल. प्रत्यक्षात सुमारे दहा मुलांना एकही सहा मिळणार नाही! कारण प्रत्येक वेळी सहा न पडण्याची शक्यता 5/6 असते आणि 5/6 ला 5/6 ने असे सहा वेळा गुणले की सुमारे 1/3 उरतात.

तेच 499/500 ही संख्या 500 वेळा घेऊन गुणले, तर 0.37 येतात. म्हणजे 500 प्राणी पाहणाऱ्या 100 मुलांपैकी सुमारे 37 रिकाम्या हातांनी परततील. 'एवढे पाहिले, आता येईलच' असे मनात आले, की फाशाची आठवण करा. मागचे दान काय पडले, हे फाशाला ठाऊक नसते. 'शेवटचा एक तास' अशी सूचना झळकली आणि पैसे देऊन वस्तू विकत घेण्याचा मोह झाला, तर हे गणित फार उपयोगी पडते.

काजव्यांचा तक्ता कोण बदलतो?

आता रानात या. काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळातला कीटक. त्याची अळी ओलसर मातीत राहते, गोगलगाई खाते आणि महिनोन्‌महिने वाढते. ऊब आणि ओलावा जुळून आला, की प्रौढ काजवे बाहेर पडतात. पुढचे त्यांचे आयुष्य जेमतेम काही दिवसांचे किंवा आठवड्यांचे. पोटातल्या ल्युसिफेरिन या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन प्रकाश निर्माण होतो. त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. नर ठराविक तालात लुकलुकतो, मादी उत्तर देते आणि जोडी जमते. पुढच्या पिढीची अंडी याच काळात घातली जातात.

या संभाषणात मोटारीचा झोत किंवा विजेरीचा उजेड पडला, तर काय होईल? नराची खूण मादीला दिसणार नाही, जोडी जमणार नाही, अंडी घातली जाणार नाहीत. त्याचा परिणाम पुढच्या वर्षांच्या जूनमध्ये दिसेल. खेळात हुकलेला प्राणी एक आकडा बदलून परत आणता येतो. रानातला आकडा मात्र कोणत्याही कचेरीत बसून बदलता येत नाही.

म्हणून भंडारदऱ्याला गेलात तर दिवे मालवा, आवाज करू नका आणि काजवे बाटलीत भरू नका. गोळा करायच्याच असतील तर नोंदी गोळा करा. पहिला काजवा कोणत्या तारखेला दिसला, पाऊस केव्हा आला, कोणत्या झाडावर गर्दी होती, शेवटचा काजवा केव्हा दिसला, हे वहीत लिहा. अशी पाच-सहा वर्षांची वही तुमच्या शाळेत तयार झाली, तर रानातल्या हंगामाचे वेळापत्रक तुम्हीच सांगू शकाल.