औंध संस्थानातली छपाई : कागद, खिळे आणि ठसे

छपाईचा कागद आणि छपाईचे तंत्र यांची निवड एकत्रच करावी लागते. काम खिळ्यांच्या मजकुराचे आहे, रेषाचित्राचे आहे की रंगछटांच्या चित्राचे, हे आधी ठरते. त्यावरून ठसा ठरतो आणि ठशावरून कागद. माणदेशाचा काही भाग ज्यात होता त्या औंध संस्थानाशी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या तिन्ही प्रकारच्या छपाईचे धागे जुळतात. संस्थान लहान आणि विखुरलेले होते. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. या कामामागे जी तीन माणसे उभी होती ती तिन्ही चित्रकलेतली होती, आणि छापील पानावर ते दिसते.

पहिले स्वतः संस्थानिक. भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1909 मध्ये गादीवर आले. त्यांचे चित्ररामायण 1916 मध्ये मुंबईच्या ब्रिटिश इंडिया प्रेसमध्ये छापले गेले. त्या काळी रंगीत चित्र छापण्याचे दोन मुख्य मार्ग होते. एक शिळाछापाचा. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातली देवादिकांची चित्रे या मार्गाने घरोघर गेली. त्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. दुसरा मार्ग तिरंगी हाफटोनचा, जो पुस्तकांसाठी रुळत गेला. मूळ चित्राचे रंगगाळण्यांतून आणि बारीक जाळीतून तीन फोटो घेत, त्यांवरून तांब्याचे तीन ठसे कोरत आणि पिवळा, तांबडा, निळा अशा क्रमाने एकाच कागदावर उमटवत. डोळ्याला जी छटा दिसते ती प्रत्यक्षात लहानमोठ्या ठिपक्यांची असते.

कागदाची परीक्षा होते ती या ठिपक्यांपाशी. चांगल्या पुस्तकी चित्रासाठी इंचाला 133 किंवा 150 ओळींची जाळी वापरतात. एवढा बारीक ठिपका खरबरीत कागदाच्या खळग्यावर पडला तर उमटतच नाही. म्हणून अशा चित्राला आर्ट पेपर लागतो. या कागदावर चिनी मातीचा लेप देऊन तो रुळांखाली घोटलेला असतो. गुळगुळीतपणाची किंमतही मोजावी लागते. हा कागद जड असतो, दिव्याखाली चकाकतो, घडीवर तडकतो आणि भिजला की पाने एकमेकांना चिकटतात. सबंध ग्रंथ त्यावर छापणे वाचकाला त्रासाचेच. यावर जुना तोडगा असा, की मजकूर साध्या कागदावर छापायचा आणि चित्रे आर्ट पेपरवर वेगळी छापून बांधणीच्या वेळी मध्ये घालायची. आजही याहून शहाणी व्यवस्था क्वचितच सापडते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीलाही बाळासाहेबांनी चित्रे दिली. 1933 मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या शीर्षकपृष्ठावर चित्रकार म्हणून त्यांचे नाव आहे.

दुसरे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले हे चित्रकार लाहोरहून औंधला आले आणि तिथे त्यांचे स्वाध्याय मंडळ व भारत मुद्रणालय उभे राहिले. 1940 ची त्यांची ऋग्वेदसंहिता औंधचीच. वेदाच्या छपाईत चित्र नसते, पण जुळाऱ्याची कसोटी चित्राहून कठीण. ऋग्वेदाच्या पाठात उच्चाराचे स्वर खुणांनी दाखवतात: अनुदात्त अक्षराखाली आडवी रेघ आणि स्वरिताच्या डोक्यावर उभी रेघ येते. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि स्वररेघ. खाली उकार आणि पुन्हा रेघ. एवढी गर्दी एका ओळीत बसवायची तर ओळींत मोकळी जागा सोडावी लागते आणि शाई बेताची लावावी लागते. शाई जास्त झाली की अक्षराची पोकळी बुजते, कमी पडली की स्वररेघ तुटते, आणि तुटलेली रेघ म्हणजे चुकलेला पाठ. आर्ट पेपर इथे उपयोगाचा नाही. थोडा दबणारा, शाई शोषणारा पण न पसरवणारा, लेप नसलेला कागदच खिळ्याचा दाब नीट घेतो.

तिसरे शंकरराव किर्लोस्कर. त्यांनी सातवळेकरांकडेच चित्रकलेचे धडे घेतले होते. संस्थानातल्याच किर्लोस्करवाडीहून 1920 मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. पुढे 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ आले. मासिकाचे गणित वेगळे. अंक वेळेवर निघायला हवा, टपालखर्च परवडायला हवा, म्हणून कागद हलका आणि स्वस्त. अशा कागदावर हाफटोनची जाळी इंचाला 65 ते 85 ओळींपर्यंत भरड ठेवावी लागते आणि चेहऱ्यांचे तपशील जातात. रेषाचित्राच्या ठशात मात्र ठिपकेच नसतात. काळी रेघ आणि कोरा कागद एवढेच असल्याने तो साध्या कागदावरही स्वच्छ उठतो. शंकरराव स्वतः व्यंगचित्रे काढत. स्वस्त कागदावरही देखणे पान बसवायचे तर रेषाचित्र हाच खात्रीचा रस्ता होता.

हवेचाही विचार करावा लागतो. औंधच्या आसपासचा माण-खटावचा प्रदेश पर्जन्यछायेतला. कोरड्या हवेत कागद आकसतो, कडा वळतात. पावसाळ्यात तो फुगतो. एकरंगी कामात हे खपून जाते. तीन रंग तीन वेळा छापायचे असतील तर केसभर फरकानेही ओठांचा तांबडा गालावर सरकतो. म्हणून रीम फोडून कागद छापखान्याच्या हवेत मुरू देतात. तंतूंची दिशाही पाहतात. ती पुस्तकाच्या कण्याला समांतर असली तर पान सहज उलटते. आडवी असली तर पुस्तक उघडे राहत नाही आणि कण्याजवळ सुरकुत्या पडतात.

आजच्या ऑफसेट छपाईत प्रतिमा रबरी पडद्यावरून कागदावर उतरते. रबर खळग्यांतही पोचत असल्याने मॅपलिथो किंवा क्रीम वोव्ह अशा लेप नसलेल्या कागदांवरही छायाचित्र छापता येते. मात्र शाई तंतूंत पसरून ठिपका फुगतो आणि गडद भाग एकमेकांत मिसळतात. त्यामुळे अशा कागदासाठी छायाचित्र आधीच थोडे उजळ करावे लागते आणि जाळीही आर्ट पेपरपेक्षा भरड घ्यावी लागते. औंधची जुनी पुस्तके नव्याने छापताना मजकुराला मंद पिवळसर, लेप नसलेला कागद आणि रंगीत चित्रांना चकाकी नसलेला मॅट आर्ट पेपर घेणे योग्य. स्वरांकित पानाच्या फोटोवरून थेट छपाई करण्यापेक्षा मजकूर नव्याने जुळवून घ्यावा, कारण फोटोत सर्वांत आधी नाहीशी होते ती अनुदात्ताची बारीक रेघ.